सुका कचरा कोणाचा? पुण्यातलं एक प्रकरण

घनकचऱ्याचा नियम पाठ करायला अवघड नाही. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा; संपलेली औषधं, रंगाचे डबे, फुटकी ट्यूबलाइट असला घातक ऐवज वेगळा; सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर गुंडाळून निराळे. ८ एप्रिल २०१६ रोजी निघालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत चौथ्या नियमाखाली प्रत्येक घराला आणि दुकानाला हेच सांगितलं होतं. शब्द देशभर सारखेच. तरी काही शहरांत लोक खरोखर दोन बादल्या ठेवतात, आणि काही शहरांत हिरव्या-निळ्या डब्यांतलं सगळं एकाच गाडीत रिकामं होतं.

हा फरक कुठून येतो ते पाहायला पुण्याचं प्रकरण उपयोगी आहे. इथे वर्गीकरणावर डोळा ठेवणारी माणसं महापालिकेने नेमलेली नव्हती. ती आधीपासून रस्त्यावर होती, कंटेनरमध्ये उतरून कागद-काच-पत्रा वेचत होती, आणि तिथून आपल्या दारापर्यंत आली. ती कशी आली आणि दारात टिकून राहायला त्यांना काय लागतं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. मी पुण्यातल्या एका सोसायटीचा काही वर्षं चिटणीस होतो आणि या प्रकरणात एक चूक माझ्याही नावावर आहे. ती पुढे येईलच.

कंटेनरपासून दारापर्यंत

१९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून पुण्यात आलेल्या कितीतरी कुटुंबांतल्या बायकांच्या खांद्यावर शेवटी कचऱ्याचं पोतं आलं. बहुतेक जणी दलित जातींतल्या. शहराला त्या दिसत होत्या, पण चोर किंवा भिकारी म्हणून. काम करणाऱ्या बायका म्हणून नाही.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने त्यांच्या वस्तीत साक्षरतेचे वर्ग सुरू केले. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कामात होत्या. वर्गात बाराखडी मागे पडून कचऱ्याच्याच गोष्टी निघू लागल्या. कंटेनरमध्ये सगळ्याचा चिखल होतो, पुठ्ठा भिजतो, भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. तोच पुठ्ठा घरातून कोरडा हातात पडला तर? म्हणून काही घरांना सुका कचरा बाजूला ठेवून या बायकांकडे द्यायला सांगितलं गेलं आणि बायकांना ओळखपत्रं मिळाली. वर्गीकरणाचा सरकारी नियम यायला अजून दहा वर्षं होती. पुण्यात वर्गीकरणाची सुरुवात अशी भिजलेल्या पुठ्ठ्यापासून झाली, पर्यावरणाचं नाव नंतर जोडलं गेलं.

मग त्याच भागात एक गाडी आली. एका उद्योजकाने घरोघर कचरा गोळा करायची सेवा काढली. राहणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. कचरा गेल्याशी मतलब. वेचणाऱ्या बायकांना मात्र लगेच कळलं की गाडीबरोबर माल जाणार. (तुमच्या-माझ्यासाठी जो कचरा, त्याला त्या माल म्हणतात.) त्या आडव्या आल्या. हे एका गल्लीचं दुखणं नाही, उद्या प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक कॉलनीत अशी गाडी येईल, हे त्या भांडणातून लक्षात आलं. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक जण जमले, हमाल पंचायतीचे बाबा आढाव अध्यक्ष होते, आणि तिथेच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या युनियनचं ठरलं.

ज्यांना मालकच नाही त्यांची युनियन मागणी कोणाकडे करणार? पंचायतीने महापालिकेला गाठलं. शहराचा कचरा उचलणं हे महापालिकेचं बंधनकारक काम. बायकांनी वेचलेला प्रत्येक किलो म्हणजे महापालिकेला न वाहावा लागलेला किलो. १९९६ पर्यंत पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली होती. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने अभ्यास झाला आणि २००१ मध्ये त्यातून एक हिशेब मांडला गेला: एक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचं फुकट श्रम महापालिकेला देते. हा आकडा मला साऱ्या प्रकरणातला सगळ्यात हुशार डाव वाटतो. तोवर उपकार कोण कोणावर करतंय याची दिशा ठरलेली होती. या आकड्याने ती उलटी करून दाखवली. त्यानंतर महापालिका कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली.

मधल्या काळात कायद्याची बाजू सरकत होती. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल १९९६ मध्ये शहरांतल्या कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या खटल्याच्या रेट्याने २००० साली महापालिका क्षेत्रांसाठी घनकचऱ्याचे पहिले नियम आले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणं आता महापालिकांवर आलं. ऐकायला उत्तम, पण वेचणाऱ्यांच्या दृष्टीने हा उद्योजकाच्या त्या गाडीचाच देशव्यापी अवतार होता, कारण घरोघर संकलन म्हणजे कुठल्यातरी ठेकेदाराची गाडी. पंचायतीने मग उलट बाजूने विचार केला. दारात कोणीतरी जाणारच आहे, तर आपणच का नको? २००५ पासून काही भागांत तसं करून पाहिलं. २००७ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला.

मावशी पिशवी उघडून का बघतात

या करारातली अर्थरचना समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

दारात येणाऱ्या मावशीला महापालिका पगार देत नाही. घरटी दरमहा शुल्क मिळतं, ते थेट घराकडून. झोपडपट्टीतल्या घरांसाठी ते कमी असतं आणि महापालिका त्यात भर घालते. हातगाडी, बादल्या, हातमोजे, माल निवडायला शेड आणि संस्थेच्या देखरेखीचा खर्च हा महापालिकेचा वाटा. ओला कचरा ठरलेल्या ठिकाणी महापालिकेच्या गाडीत द्यायचा. सुक्यातलं जे विकलं जाईल ते मावशीचं.

शेवटचं वाक्य बिनमहत्त्वाचं दिसतं, पण सगळी व्यवस्था त्यावर उभी आहे. एका बाईकडे साधारण दीड-दोनशे घरं असतात. दीडशेच धरू. प्रत्येक घराने एकत्र पिशवी दिली आणि ती निवडायला दोन मिनिटं लागली, तर रोजचे पाच तास त्यातच जातात, आणि तरी कागदाला आमटी लागलेली असतेच. घराने वेगळं करून दिलं तर ते पाच तास वाचतात आणि मालालाही भाव येतो. म्हणून ती पिशवी उघडून बघते. म्हणून ती आमच्या मजल्यावर म्हणते, "ताई, पेपर भिजलाय बघा. उद्यापासून निराळा ठेवा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघते की ठेवला का.

हे काम आरोग्य निरीक्षक करू शकत नाही. त्याच्याकडे हजारो घरं, दंडाचं पावतीपुस्तक आणि इतर दहा कामं. तो महिन्यातून एकदा आला तर त्या दिवशीपुरत्या दोन बादल्या दिसतील. मावशी रोज येते, तिला घरातली माणसं ओळखतात, आणि तिचं स्वतःचं काहीतरी त्या पिशवीत अडकलेलं असतं. दंडापेक्षा ही ओळख जास्त काम करते, असं मी चिटणीस असताना पाहिलं. आमच्या इमारतीतल्या एका काकांना नोटिसा लावून फरक पडला नव्हता. मावशींनी त्यांची पिशवी जिन्यातच पसरून निवडायला घेतली तेव्हा पडला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नियमाची राखण आपण त्यातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर सोपवली आहे. जो शुल्क देतो त्याच्याशी ती किती भांडणार? तीन महिने पैसे थकवणारं घरच सगळं एकत्र करून देतं, असा अनुभव त्यांच्याकडून कितीदा ऐकला. सुट्टी घेतली तर बदली माणूस स्वतः शोधायचा. आणि भंगाराचे भाव पडले की कमाई पडते. कागदाचा भाव कुठल्या दूरच्या बाजारात ठरतो आणि त्याचा फटका शेडमध्ये बसतो. पुण्याचं कौतुक करणाऱ्यांनी हे वगळू नये.

टनाचा हिशेब

आता ठेकेदाराची गाडी पाहू. घरोघर संकलन असो की वाहतूक, आपल्याकडच्या बऱ्याच ठेक्यांत पैसे टनावर मिळतात. जितकं वजन काट्यावर दिसेल तितकं बिल. अशा गाडीला वर्गीकरण हा तोटा आहे. पुठ्ठा आणि बाटल्या आधीच बाजूला निघाल्या तर वजन घटलं. सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवला तर आणखी घटलं. दगड-माती, राडारोडा मिसळला तर उलट फायदा. ठेकेदार वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात ते तो करतो, मावशीला ज्याचे मिळतात ते ती करते. दोघांच्या हातात एकच नियम दिला तरी निकाल वेगळा येणार.

टनावर चालणाऱ्या व्यवस्थेचं दुसरं टोक पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत आहे. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला पडायचा (त्याच जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे, शहर आपला कचरा किती लवकर विसरतं याचा नमुना). नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो उरुळी-फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, वासाने जगणं अवघड झालं, गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. १४ एप्रिल २०१७ रोजी तिथल्या कचरा डेपोला मोठी आग लागली आणि त्यानंतर गावकऱ्यांनी गाड्याच अडवल्या. तीन आठवड्यांहून जास्त काळ शहराचा कचरा शहरातच होता. मेच्या पहिल्या आठवड्यात मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर कोंडी फुटली.

ते दिवस आमच्या सोसायटीत चांगलेच लक्षात आहेत. सुका कचरा रोजच्यासारखा गेला, कारण तो डेपोकडे जातच नव्हता. शेडमध्ये निवडून भंगारवाल्याकडे जात होता. अडला तो ओला, आणि जे धड ओलं नाही आणि विकलंही जात नाही ते. फाटकाशी पडलेल्या त्या ढिगात काय काय आहे ते आठवडाभर पाहायला मिळालं. भाज्यांची देठं आणि साली कुजून खाली बसत गेल्या, वर उरले डायपर, नॅपकिन आणि चकचकीत वेष्टनं.

ज्याला भाव नाही

व्यवस्था मालाच्या किमतीवर उभी असेल तर बिनकिमतीच्या गोष्टींचं काय, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग.

सॅनिटरी नॅपकिन कोणी विकत घेत नाही. तरी ते सुक्यात किंवा ओल्यात, बहुतेक वेळा उघडेच, मावशींच्या हाताखालून जातात. त्याबद्दल त्या कोणाशी बोलणार? ज्या घरात त्याबद्दल बोललं जात नाही त्याच घराच्या दारात उभं राहून? २०१३ मध्ये 'स्वच्छ'च्या बायकांनी वेगळाच मार्ग काढला. वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या भरून त्या थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या: तुमचा माल, तुमच्याकडे परत. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून त्यांनी त्या नॅपकिन गुंडाळायला विकायलाही काढल्या. नंतर लाल ठिपक्याची मोहीम आली: नॅपकिन किंवा डायपर कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. ठिपका काढायला पाच सेकंदं लागतात. आमच्या ९६ फ्लॅटांपैकी नियमाने ठिपका काढणारी घरं किती, ते मी मोजायचं सोडून दिलं.

२०१६ च्या नियमांत १७ व्या नियमाखाली नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्यांवर गुंडाळायची पिशवी पाकिटासोबत देण्याची जबाबदारी टाकली गेली. म्हणजे आधी पार्सल गेलं, मग नियम आला. पिशव्या सगळ्या पाकिटांत आल्या असं मात्र म्हणवत नाही; दुकानात उभं राहून दोन-तीन पाकिटं उघडून पाहा.

वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवून वितळवणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्यांना जागा नाही. २०१६ च्या प्लॅस्टिक नियमांनी पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टनं दोन वर्षांत हटवायची म्हटलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत शब्द बदलले: ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यातून ऊर्जा मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, तेवढंच हटवायचं. जाळता येतं म्हणजे ऊर्जा मिळते, झालं. वेष्टन राहिलं. २०२२ पासून उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची चौकट आली आहे, तीत जेवढं प्लॅस्टिक बाजारात टाकलं त्याच्या प्रमाणात गोळा करून प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. या पैशातला काही भाग गोळा करणाऱ्या हातांपर्यंत पोचला तर वेष्टनालाही भाव येईल आणि ते पोत्यात जाईल. भाव आला की ते रस्त्यावर दिसणार नाही, जशी रिकामी पाण्याची बाटली फार वेळ रस्त्यावर टिकत नाही.

शंभर किलोची रेषा

मोठ्या सोसायट्या आणि हॉटेलं यांना २०१६ च्या नियमांनी निराळी वागणूक दिली. रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणारी संस्था म्हणजे मोठी कचरानिर्माती. घरटी दीड किलो धरलं तर साठ-सत्तर फ्लॅटांत ही रेषा ओलांडली जाते, म्हणजे पुण्यातली अगदी मध्यम सोसायटीसुद्धा. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारातल्या संकुलांवर आणि हॉटेलांवरही तेच बंधन होतं: कचरा वेगळा करायचा, विकाऊ माल अधिकृत कचरावेचकांना किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना द्यायचा, आणि ओला कचरा आवारातच, 'शक्य असेल तितका', खत किंवा बायोगॅस करून जिरवायचा. परवाना नसलेल्या जागी शंभरहून जास्त माणसांचा समारंभ असेल तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं. ही तरतूद तर समारंभ करणाऱ्यांनाही फारशी माहीत नव्हती.

'शक्य असेल तितका' या शब्दांत आमची सोसायटी काही वर्षं सुखाने राहिली. बिल्डरने मागच्या कोपऱ्यात खताचे हौद बांधून दिले होते. त्यांच्या जोरावर मिळकत करात ५ टक्के सवलत मिळत होती (पुण्यात गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचं संकलन यांपैकी एक असेल तर ५ आणि एकाहून जास्त असतील तर १० टक्के). हौदांत मुलांच्या मोडक्या सायकली ठेवलेल्या होत्या. तपासणीचा सुगावा लागला की सायकली गच्चीवर जायच्या.

पुढे आम्ही ते हौद खरोखर चालवायचं ठरवलं आणि पहिल्याच पावसाळ्यात हरलो. ओल्या कचऱ्यात पाणी भरपूर असतं. तो नुसता टाकला की सडतो, पाणी सुटतं, आणि जो वास येतो तो दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. त्याला जोडीला वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा लागतो, आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करायला माणूस लागतो. आवारातला पाला तोवर आम्ही पोत्यांत भरून महापालिकेच्या गाडीला देत होतो, हे कळायला दोन महिने गेले.

याच सुमारास माझी चूक झाली. सोसायटीची झाडलोट करणाऱ्या ठेकेदाराने प्रस्ताव आणला: वरपासून खालपर्यंत सगळा कचरा आमची माणसं नेतील, हौदही तेच बघतील, आणि घरटी शुल्क निम्म्यावर येईल. आकडे छान दिसत होते. सर्वसाधारण सभेत मी त्याच्या बाजूने बोललो, ठराव झाला, मावशींना यायचं नाही म्हणून सांगितलं. शुल्क निम्मं का, हा प्रश्न सभेत कोणी विचारला नाही, मीही नाही. उत्तर उघड होतं: सुका माल आता त्याचा. म्हणजे उद्योजकाची ती जुनी गाडीच आमच्या फाटकात आली होती आणि मीच तिला आत घेतलं होतं.

पहिला महिना बरा गेला. मग त्याची माणसं बदलत राहिली. पगारावरच्या माणसाला पिशवीत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं; माल विकून येणारे पैसे त्याच्या खिशात जात नव्हते, ठेकेदाराच्या जात होते. पुठ्ठा आणि बाटल्या वरच्यावर उचलल्या जायच्या, बाकी एकत्र. दारात कोणी टोकेना, तसं घरांनीही वेगळं करायचं सोडलं. तीन महिन्यांत आमचा ओला कचरा प्लॅस्टिकने इतका भरला की महापालिकेच्या गाडीवाल्याने तो घ्यायला नकार दिला आणि क्षेत्रीय कार्यालयाची नोटीस आली. त्यात बोट ठेवलं होतं ते बरोबर जागी: विकाऊ माल अधिकृत माणसाकडे जातोय का? ठेकेदाराकडे दाखवायला कागद नव्हता.

मावशींना परत बोलावायला मी आणि खजिनदार शेडवर गेलो. त्या तिघी-चौघी माल निवडत बसल्या होत्या. आमचं ऐकून घेतलं. मग त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "या की काका, येतो. पण हौदाचं काम करायचं असेल तर त्याचे निराळे पैसे. आणि बाराही महिन्यांचे." आम्ही मान्य केलं. पाल्याचं पोतं आवारात ठेवायला लागलो. हौद अजून चालतात, फार उत्तम नाही, पण सायकली गेल्या.

हॉटेलांचं थोडक्यात. त्यांचा ओला कचरा वेगळ्या गाड्यांनी शहरभर पसरलेल्या छोट्या बायोगॅस प्रकल्पांकडे नेण्याची कल्पना पुण्यात राबवली गेली. प्रत्येकी ५ टनांचे असे अनेक प्रकल्प उभे राहिले. त्यांतले कितीतरी क्षमतेपेक्षा फार कमी चालले किंवा बंद पडले. कारणांत यंत्राइतकाच वाटा कचऱ्याचा: पिशवी, चमचा, हाड, काच आत गेलं की चुरा करणारं यंत्र अडकतं. हॉटेलच्या मोरीत उभं राहून "हे निराळं ठेवा" म्हणणारं कोणी नव्हतं, कारण हॉटेलच्या ओल्या कचऱ्यात कोणाचाच माल नव्हता.

करार आणि चौथा डबा

'स्वच्छ' आणि महापालिकेतला पहिला करार २०१३ मध्ये संपला. पुढचा व्हायला २०१६ उजाडलं. तो २०२० च्या अखेरीला संपला आणि मग काही महिने काही महिने अशा मुदतवाढी सुरू झाल्या. प्रत्येक वेळी तीच चर्चा परत आली की यंत्रांनी, गाड्यांनी, एका मोठ्या ठेक्याने हे जास्त नीटनेटकं होईल. मधल्या काळात मावशी दारात येतच राहिल्या. २०१६ च्या नियमांनी पहिल्यांदा 'कचरावेचक' या शब्दाची व्याख्या केली आणि त्यांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितलं. पण सामावणं म्हणजे काय, त्यांना पगारावर झाडूवाल्या करायचं की मालावरचा हक्क मान्य करायचा, हे नियमाने उघडंच ठेवलं. माझ्या मते दुसरं. पगार द्या, विमा द्या, निवृत्तीवेतन द्या, सगळं द्या. पण माल काढून घेतलात तर पिशवी उघडून बघणारं कोणी उरणार नाही. आमच्या तीन महिन्यांवरून एवढं सांगता येतं.

आता केंद्राचे घनकचऱ्याचे नवे नियम आले आहेत, १ एप्रिल २०२६ पासूनचे. त्यांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यायचा. मोठ्या कचरानिर्मात्यासाठी १०० किलोच्या जोडीला २०,००० चौरस मीटर बांधकाम किंवा रोजचा ४०,००० लिटर पाणीवापर अशा आणखी दोन रेषा आहेत, कोणतीही एक ओलांडली तरी पुरे. आणि वर्गीकरण न करता कचरा डेपोला पाठवणाऱ्या स्थानिक संस्थांना जास्त शुल्क पडेल अशी तरतूद आहे. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मिसळलेला टन महाग झाला, तर टनावर चालणाऱ्या हिशेबाला पहिल्यांदाच टाचणी लागेल. अर्थात तो महागपणा महापालिकेच्या वहीत राहतो की ठेकेदाराच्या बिलापर्यंत पोचतो, यावर सगळं आहे.

सॅनिटरीचा डबा आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर ठेवायचा की फाटकाशी एक, यावर गेल्या सभेत पाऊण तास गेला. लाल रंगाचा घ्यायचा यावर एकमत झालं. तो उचलण्याचे पैसे शुल्कात धरलेले आहेत असं नव्या चिटणीसांचं म्हणणं. मावशींचं म्हणणं, त्यात विकायला काही नाही, त्यामुळे ते काम वेगळं. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. तोवर डबा रिकामा आहे आणि हौदांतल्या त्या सायकलींसारखा पार्किंगमध्ये नुसता उभा आहे.